सरासरी बारा, पण बारा गुणांचं मूल कुठे आहे?

अगं, वीसपैकी सरासरी बारा आली, हे बरं की वाईट असं तू विचारतेस. पण नुसत्या बारावरून मी काय सांगू? मला सगळ्या मुलांचे गुण सांग, तेही लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून. केंद्रप्रमुखांना द्यायच्या तक्त्यात सरासरीचा रकाना असतो, तो भरून टाक. उद्या सकाळी सातवीच्या वर्गात पाऊल टाकताना तुला जे ठाऊक हवं, ते त्या रकान्यात मावत नाही.

समजायला दोन वर्ग घेऊ, दहा-दहा मुलांचे. पहिल्या वर्गाचे गुण ९, १०, ११, ११, १२, १२, १३, १३, १४, १५. दुसऱ्याचे ४, ५, ५, ६, ७, १७, १८, १९, १९, २०. बेरीज करून बघ. दोन्हीकडे १२०, म्हणजे सरासरी १२. तू म्हणशील, डी.एड.ला शिकवलं होतं की सरासरी फसवते तिथे मध्यक काढावा. काढ. मध्यकही दोन्हीकडे १२च येतो. आणि आता मला सांग, दुसऱ्या वर्गात बारा गुणांचं मूल आहे कुठे? आठपासून सोळापर्यंत एकही मूल नाही! तू बाराच्या अंदाजाने शिकवायला उभी राहिलीस, तर अर्ध्या वर्गाला ते आधीच येत असेल आणि उरलेल्या अर्ध्यापर्यंत पोचणारच नाही. तुझं शिकवणं ज्याच्यासाठी आहे असा कुणी त्या खोलीत बसलेलाच नसेल.

म्हणून सरासरीसोबत पसारा बघायचा. मुलं सरासरीपासून साधारण किती लांब विखुरली आहेत, ते प्रमाण विचलन सांगतं. पहिल्या वर्गाचं ते १.७ च्या आसपास आहे, दुसऱ्याचं ६.७. सूत्र आठवत नसेल तर अडू नकोस, मोबाइलमधल्या एक्सेलला सांगितलं की तो काढून देतो. पण तीस मुलांच्या वर्गाला तेवढ्याचीही गरज नसते. वहीच्या पानावर शून्य ते वीस आकडे लिही आणि प्रत्येक मुलासाठी त्याच्या आकड्यासमोर एक ताळ्याची खूण कर. आपण मुलांना वारंवारता सारणी शिकवतो ना, तीच. खुणांचा एकच ढीग मध्यभागी जमला, की एक धडा सगळ्यांना चालेल. दोन ढीग झाले आणि मध्ये दरी पडली, तर समज की मागची एखादी पायरी अर्ध्या वर्गाची चुकलेली आहे. सातवीत बहुतेक वेळा ती अपूर्णांकांची असते.

आणि हो, गैरहजर मुलांपुढे शून्य टाकू नकोस. आठ मुलांचे मिळून ११२ गुण, तर सरासरी १४. दोन गैरहजरांची शून्यं त्यात मिसळली, की तीच सरासरी ११.२ होते. एक्सेल रिकामा चौकोन मोजत नाही, शून्य मात्र मोजतो. शून्य म्हणजे पेपर दिला आणि काही आलं नाही. गैरहजर म्हणजे आपल्याला त्याचं काही कळलेलं नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की ज्या मुलाला घरी जाऊन शोधायला हवं, ते 'ढ' म्हणून वहीत नोंदलं जातं.

तुझ्या बीडकडे तर ही गोष्ट फार जपायला हवी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर कारखान्यावर जातात. समज, तीस मुलांची पहिल्या सत्राची सरासरी शंभरपैकी ५२ होती. त्यातली आठ मुलं गेली, ज्यांची आपसातली सरासरी ४० होती. उरलेल्या बावीस मुलांची सरासरी किती? ५६ च्या वर! कुणाला एक अक्षर जास्त न शिकवता वर्ग चार गुणांनी 'सुधारला'. दुसऱ्या सत्राचा तक्ता छान दिसेल, लोक कौतुकही करतील. तू मात्र तुलना करताना दोन्ही सत्रांत हजर असलेल्या त्याच बावीस मुलांची कर. आणि एप्रिलमध्ये ती आठ मुलं परत आली आणि सरासरी खाली गेली, तर त्याचा दोष त्यांच्या माथी येऊ देऊ नकोस.

आता ज्यात माझा जीव आहे ते सांगते. मुलाला किती गुण मिळाले यापेक्षा न मिळालेले कुठे गेले, हे शोधायला शीक. पेपर तपासून झाले की एक मोठा कागद घे. आडव्या ओळींत मुलं, सगळ्यात जास्त गुणांचं मूल वर आणि सगळ्यात कमीचं खाली. उभ्या रकान्यांत प्रश्न. बरोबरला १, चूक असेल तर ०. मग प्रत्येक रकान्याची बेरीज कर. तीसपैकी सत्तावीस जणांनी सोडवला तो प्रश्न सोपा, सहा जणांनी सोडवला तो अवघड. पुस्तकात याला काठिण्य मूल्य म्हणतात. यानंतर वरची आठ आणि खालची आठ मुलं घे आणि दोन्ही गटांत प्रश्न किती जणांना आला ते पडताळ. आठच का? वरचे आणि खालचे २७ टक्के घ्यावेत असं केली नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये दाखवून दिलं, आणि तीसचे २७ टक्के म्हणजे साधारण आठ. वरच्या आठपैकी सात आणि खालच्या आठपैकी दोघांना आला, तर तो प्रश्न आपलं काम चोख करतोय. यालाच भेदनक्षमता म्हणतात. पण कधी उलटं दिसतं: खालच्यांना आला आणि वरच्यांचा चुकला. तिथे मुलांकडे बोट दाखवायच्या आधी प्रश्न पुन्हा वाच. बहुतेकदा त्याचे दोन अर्थ निघत असतात आणि हुशार मुलांनी दुसरा अर्थ घेतलेला असतो, नाहीतर उत्तरसूचीतच चूक असते. असा प्रश्न सगळ्यांच्या गुणांतून काढून टाकायला कचरू नकोस.

आणि सगळ्या वर्गाचाच एखादा प्रश्न चुकला असेल, वरच्यांचाही, तर तो धडा त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. पुन्हा शिकव, दुसऱ्या वाटेने. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. तीस मुलांनी मिळून तुला दिलेली ती इतकी स्वच्छ माहिती आहे, की कुठल्याही तपासणीच्या शेऱ्यात मिळणार नाही.

शून्याच्या जागी मुलाने काय उत्तर लिहिलं तेही टिपून ठेव. १/२ + १/३ = २/५ असं जर नऊ जणांनी लिहिलं असेल, तर ती नऊ वेगवेगळी मुलं धांदरट नाहीत, त्या सगळ्यांच्या मनात एकच नियम बसलाय: वरचा अंक वरच्यात मिळवायचा, खालचा खालच्यात. असंच दशांशाचं. ०.४५ मोठे की ०.६? खूप मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. आता गंमत नव्हे, काळजीची गोष्ट सांगते. याच मुलाला तू ०.७५ मोठे की ०.३ असं विचारलंस, तर ते बरोबर उत्तर देईल आणि पूर्ण गुण घेईल. चुकीचा नियम आत तसाच राहील आणि तुझ्या तक्त्यात तिथे १ दिसेल. म्हणून प्रश्न काढतानाच दोन्ही प्रकारच्या जोड्या घालायच्या: जिथे लांब संख्या मोठी आहे अशी एक, आणि जिथे लांब संख्या लहान आहे अशी एक.

शाब्दिक उदाहरणांचंही असंच निरखून बघ. तुझ्याकडे तांड्यावरची मुलं आहेत, घरी गोरमाटी बोलतात. एखाद्याला तीच आकडेमोड कोरी दिली की येते आणि शाब्दिक उदाहरणात चुकते, असं तीन-चारदा दिसलं, तर त्याचं गणित कच्चं नाही, तो मराठी वाचनात अडकलाय. त्याला गणिताच्या जादा तासाला बसवून काय होणार? एका प्रश्नावरून मात्र असला निष्कर्ष काढायचा नाही. निदान तीन-चार तरी प्रश्न तशा प्रकारचे हवेत.

हे झालं एका चाचणीचं. आता दोन चाचण्यांमधल्या फरकाबद्दल बोलू, कारण मला वाटतं शिक्षकाच्या स्वभावाला सगळ्यात वाईट वळण इथेच लागतं. पहिल्या चाचणीत कुणाला १९ पडले, तू सगळ्यांसमोर कौतुक केलंस. दुसऱ्या वेळी त्याला १६. कुणाला ४ पडले, तू रागावलीस. दुसऱ्या वेळी त्याला ७. आपल्या मनात पटकन बसतं की कौतुकाने मुलं बिघडतात आणि रागावलं की सुधारतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते, तेव्हा तिथले प्रशिक्षकही हेच म्हणाले होते: शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं, दटावलं की सुधारतं. काहनेमान यांनी त्यांना दाखवून दिलं, की शाबासकी आणि दटावणी दोन्ही बाजूला ठेवली तरी हेच घडलं असतं. एकोणीस पडायला तयारी लागतेच, पण त्या दिवशी आलेले प्रश्नही ओळखीचे लागतात, झोप नीट झालेली लागते, दोन ठिकाणचा अंदाज बरोबर यावा लागतो. या सगळ्याचा मेळ दुसऱ्या वेळी पुन्हा तसाच बसत नाही. चार पडणाऱ्याचंही तेच, फक्त उलट दिशेने. टोकाला गेलेले आकडे पुढच्या खेपेला मध्याकडे सरकतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील आणि मुलं यांच्या उंचीची मोजमापं घेऊन १८८६ मध्ये हे मांडलं होतं.

याचा अर्थ काय, नीट बघ. छडी उगारणाऱ्या शिक्षकाला आकडे वर्षानुवर्षं खोटी साक्ष देत राहतात, आणि मायेने वागणाऱ्याला खोटी निराशा. तू त्या साक्षीवर विश्वास ठेवू नकोस, एवढं माझं मनापासूनचं मागणं आहे.

जादा तासांचा उपयोग झाला का, हे बघतानाही ही खूणगाठ बांध. सगळ्यात कमी गुणांची दहा मुलं निवडलीस, महिनाभर शिकवलंस आणि त्यांचे गुण वाढले, तर त्यातली काही वाढ आपोआपच होणार होती. निवड करतानाच एका चाचणीवर जाऊ नकोस, दोन-तीन चाचण्यांचे गुण एकत्र बघ. आणि नंतर त्या दहांची वाढ त्यांच्या किंचित वर असलेल्या, पण जादा तासाला नसलेल्या मुलांच्या वाढीशेजारी ठेवून बघ. दहांची वाढ ठळकपणे जास्त असेल, तरच श्रेय तासांना.

एकच व्यक्ती रोज बदलते, ही गोष्ट आपल्याकडच्या एका मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने आयुष्यभर लावून धरली होती. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. रोमला अन्न व शेती संघटनेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं, मग पुण्यात. धडधाकट माणसाचाही आहार दिवसादिवसाला, आठवड्याआठवड्याला कमीजास्त होत असतो, तेव्हा सरासरी गरजेपेक्षा एका वेळी कमी खाल्लं म्हणून कुणाला कुपोषित ठरवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर खूप वाद झाले, भुकेचा प्रश्न त्याने लहान दिसतो असे आक्षेप आले, आणि ते आक्षेपही गंभीर होते. पण एका दिवसाच्या मोजमापावर आणि एका रेषेवर माणसाचा निवाडा करू नये, हा त्यांचा मुद्दा मला परीक्षेच्या बाबतीत फार पटतो.

तुझ्या श्रेणींच्या तक्त्यातच बघ ना. ६० टक्क्यांना क-१ आणि ६१ ला ब-२. एका गुणाने श्रेणी बदलली. उलट ५१ आणि ६० दोघेही क-१. एक गुण म्हणजे एखादा कानामात्रा किंवा तपासणाऱ्याची दुपारची थकलेली नजर. प्रगतिपुस्तकात श्रेणी लिहायची ती लिही, पण तुझ्या स्वतःच्या वहीत मूळ गुणच ठेव, आणि रेषेच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन गुणांत असलेल्या मुलांना सारखंच वागव.

शिष्यवृत्तीच्या सरावाचे गुण वाचताना अंदाजपंचेचा हिशोब डोक्यात हवा. एका पेपरात ७५ प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चार पर्याय. काहीही न वाचता नुसते गोल काळे करणाऱ्या मुलालाही सरासरीने १९ च्या आसपास प्रश्न बरोबर येतील, म्हणजे दीडशेपैकी ३७-३८ गुण. नशिबाने थोडं वर-खाली, ४५ सुद्धा सहज. तेव्हा ४० गुणांचं मूल 'थोडं थोडं येतंय' असं समजून सोडून देऊ नकोस. कदाचित त्याला त्यातलं काहीच येत नसेल, आणि त्याने ते कुणाला सांगितलंही नसेल. शेजारी बसवून पाच प्रश्न तोंडी सोडवून घे, दहा मिनिटांत कळेल.

शाळाशाळांची तुलना होते तेव्हा पटसंख्या आधी विचारायची. चारपैकी तिघं पात्र झाली की ७५ टक्के, पुढच्या वर्षी एक झालं की २५. शाळा तीच, शिक्षक तेच. तालुक्याची यादी निकालाप्रमाणे लावली तर लहान शाळा सगळ्यात वरही दिसतील आणि सगळ्यात खालीही. त्याचं पहिलं कारण त्यांचं लहानपण. चार-पाच वर्षांची मुलं एकत्र धरून टक्का काढला की तो जरा स्थिरावतो.

आणि परीक्षाच बदलली असेल तर आकड्यांची तुलना थांबवायची. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० झाला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं बारा टक्क्यांनी मठ्ठ झाली नव्हती. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे अंतर्गत गुण त्या वर्षी बंद केले होते. २०२० मध्ये ते परत आले आणि निकाल ९५.३० वर गेला. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५. त्या २०१९ च्या मुलांना लोकांनी घरोघरी काय काय ऐकवलं असेल, याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन विषयांची तुलनाही सरळ करू नकोस. एका मुलीला मराठीत ७० आणि गणितात ६० पडले, म्हणून तिचं गणित कच्चं असं तिची आई म्हणेल. पण वर्गाची मराठीची सरासरी ७५ आणि विचलन ५, गणिताची सरासरी ५० आणि विचलन १० असेल, तर ती मराठीत सरासरीच्या एक विचलन खाली आहे आणि गणितात एक विचलन वर. तिच्या गणिताला खतपाणी घालायला हवं, आणि आईला हे तू समजावून सांगायला हवंस. मोठ्या भावाच्या सीईटीचे ९० पर्सेंटाइल घेऊन कुणी पालक आले, तर ते ९० टक्के गुण नव्हेत, शंभरातल्या नव्वद जणांच्या तो बरोबरीने किंवा पुढे आहे, एवढंच सांग.

पालक सभेत मात्र यातलं काही बोलू नकोस, सरासरीही नको आणि नंबरही नको. प्रत्येकाला त्याच्या मुलाच्या ओळीतलं एक सांग, जे आता येतं, आणि एक, जे पुढच्या महिन्यात यायला हवं. पालकांना ते घरी नेता येतं.

दिवाळी जवळ आलीय, टोळ्या निघायच्या आत एक काम करून टाक. जी मुलं कारखान्यावर जाणार आहेत, त्यांना शिक्षण हमी कार्ड मिळेलच. त्या कार्डासोबत तुझ्या त्या मोठ्या कागदावरची प्रत्येकाची ओळ अर्ध्या पानात उतरवून दे. गुण नको लिहूस. तिकडच्या बाईंना दिसू दे: बेरीज-वजाबाकी पक्की, गुणाकार दोन अंकीपर्यंत, समच्छेद अपूर्णांक येतात, विषमच्छेद अजून नाहीत, दशांश लांबीवरून लहानमोठे ठरवतो. खाली तुझा मोबाइल नंबर लिही.